भाकरीचा पापुद्रा

फार जुन्या काळी, जेव्हा राक्षससुद्धा दिलेला शब्द पाळत असत, एका डोंगराच्या पायथ्याशी दोन बहिणी राहत होत्या.

दोघी दिवसभर भांडत. भांडणाचं मुख्य कारण भाकरी. तव्यावरची भाकरी टम्म फुगली, की तिचा पापुद्रा धाकटी पळवी. थोरलीने आधी हात घातलाच, तर धाकटी तिची वेणी ओढी. गावाने दोघींपुढे हात टेकले होते.

एकदा धाकटीने डोंगरावरच्या राक्षसाच्या बागेतली बोरं तोडली. राक्षसाने तिची साळुंकी करून झाडावर बसवली. तिथे आधीच नव्याण्णव साळुंक्या होत्या. आपलं माणूस जो अचूक ओळखेल, त्याला ते परत मिळेल आणि सगळी जादू संपेल, असा राक्षसाचा शब्द होता. चुकेल त्याची मात्र साळुंकी. त्यामुळे झाडावरच्या निम्म्या साळुंक्या इतरांना सोडवायला आलेल्याच होत्या. त्यांत दोन सेनापतीही होते.

राजाने आपल्याला अतिशय दुःख झाल्याची दवंडी पिटवली आणि तो जेवायला बसला. शेजारणी थोरलीला म्हणाल्या, की आता तरी तुला पापुद्रा मिळेल. थोरलीने भाकरी भाजली, फडक्यात बांधली आणि ती डोंगर चढू लागली.

राक्षसाला नवल वाटलं. "अगं, ती तुझ्याशी भांडायची ना? तिच्यासाठी कशाला साळुंकी होतेस?"

"भांडायची ती माझ्याशी," थोरली म्हणाली. "तू कशाला मध्ये पडतोस?"

तिने वर पाहिलं. शंभर साळुंक्या, शंभर पिवळ्या चोची. त्यांची वाचा गेली होती. आपली नावंही त्या विसरल्या होत्या. थोरली झाडाखाली मांडी घालून बसली, तिने फडकं सोडलं, पापुद्रा सावकाश उचलला आणि स्वतःच्या तोंडाकडे नेला.

नव्याण्णव साळुंक्या बघत राहिल्या. एक मात्र बाणासारखी खाली आली आणि तिने थोरलीची वेणी ओढली.

"हीच," थोरली म्हणाली.

क्षणात तिथे शंभर माणसं उभी राहिली. सेनापतींनी घाईघाईने आपापल्या मिशा चाचपल्या. राक्षसाला शब्द मोडता येईना. तो बाग सोडून चालता झाला आणि बोरं गावाची झाली.

धाकटीने अजून वेणी सोडली नव्हती. "पापुद्रा माझा," ती म्हणाली.

थोरलीने तो निमूटपणे दिला. धाकटीने आयुष्यात पहिल्यांदा त्याचे दोन तुकडे केले आणि मोठा तुकडा स्वतःकडे ठेवला.

सांगायचं ते इतकंच: बहिणींचं भांडण ऐकून त्यांच्या मायेचं मोजमाप कधी करू नये.