धोंडेवाडीचा साकव

"मला वादात हरव, मावशी, आणि साकव घेऊन जा!"

केंद्रीय मंत्री त्र्यंबकराव हुंबरे यांनी भर जनता दरबारात साकव मागायला आलेल्या गोजराबाईला हे सांगितलं. अहो, हरवायचं तरी कुणाला? तालुक्याच्या कोर्टातून जिल्ह्याच्या, तिथून विधानसभेत आणि मग थेट दिल्लीत पोचलेला हा वकील तीस वर्षांत एकही वाद हरला नव्हता. खटले हरला होता, पण ती चूक न्यायाधीशांची, असं तो अजून सांगे.

गोजराबाईची धोंडेवाडी ओढ्यापलीकडे, दवाखाना अलीकडे. पावसाळ्यात ओढा भरला की वाट बंद. थोरल्या सुनेचं बाळंतपण गेल्या साली ओढ्याच्या काठावरच उरकलं होतं. आता धाकटीचे दिवस श्रावणात भरत होते. पायी जाण्यापुरता साकव का होईना, पूल हवाच होता.

पण बाईनं कोर्टाच्या आवारात बावीस वर्षं चहा विकलेला. या वकिलाची खोड तिला पाठ होती. समोरचा पूर्व म्हणाला की ह्याचं पश्चिम! एकदा तर समोरच्या वकिलानं ह्याच्याच अशिलाला निर्दोष म्हटलं, तर हा ताडकन उठला, "हरकत आहे!"

गोजराबाईनं पदर खोचला. "साहेब, माझं म्हणणं असं, की साकव नकोच!"

"नको?" त्र्यंबकराव ताठ बसले. "का नको?"

"बाया जातील की पोहत!"

"नऊ महिन्यांची पोटुशी पोहेल? काहीतरीच!"

"मग पाणी ओसरेस्तोवर थांबेल."

"बाळाला काय पुढची तारीख मिळते?"

"चाळीस घरांसाठी कशाला एवढा खटाटोप?"

झालं! त्र्यंबकराव उभेच राहिले. पाऊण तास बोलले. राज्यघटना काढली, स्वतःची आई काढली. त्यांच्या सहायकानं डोळे पुसले. शेवटी टेबलावर मूठ आपटून ते गरजले, "साकव झालाच पाहिजे! आणि पावसाळ्याआधी!"

"हरले, साहेब," गोजराबाई म्हणाली.

"हरलीस ना? मग साकव नाही. पुढचा कोण?"

"थांबा की! साकव नको, हे माझं म्हणणं. तुम्ही दिला नाहीत, तर माझंच खरं झालं, म्हणजे मी जिंकले. अन् मी जिंकले तर साकव द्यायचा, हा तुमचा शब्द. दिलात, तर तुम्ही जिंकलात. आता सांगा, साहेब, जिंकायचंय का हरायचंय?"

त्र्यंबकराव असे खदाखदा हसले की चष्मा टेबलाखाली गेला.

तो सापडल्यावर त्यांनी मंजुरीवर सही ठोकली आणि खूश होऊन फर्मावलं, "मावशीला माझ्या मोटारीतून थेट घरी सोडा!"

मोटार ओढ्यापर्यंत गेली.