आबाकाकांचा अॅम्प्लिफायर

गिरिजाने स्वस्तातला अॅम्प्लिफायर आणला आणि घरात धास्ती शिरली. गाण्याच्या बाबतीत शेवटचा शब्द आबाकाकांचा, तिच्या चुलतसासऱ्यांचा. त्यांनी नाक मुरडलं की वस्तू दुकानात परत जाई.

"डबडं आहे," काका न ऐकताच म्हणाले. "उद्या माझा आणतो. त्याच्यापुढे टिकला तर ठेव."

दुसऱ्या दिवशी गिरिजाने दोन्ही अॅम्प्लिफायर शेजारीशेजारी मांडून वर चादर टाकली.

"काका, एकच ख्याल दोनदा लावते. तुमचा कुठला ते सांगा."

पहिल्यांदा काकांच्या कपाळावर आठ्या चढल्या. "पत्र्यावर खडे पडतायत नुसते."

दुसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटले, मान डोलावली. "वा. तंबोऱ्याची तार न् तार वेगळी ऐकू येतेय. हा माझा." आणि थाटात चादर ओढली.

त्यांच्या अॅम्प्लिफायरची वायर प्लगसकट टेबलावर गुंडाळलेली पडली होती. दोन्ही वेळा डबडंच वाजलं होतं. सासूबाईंसकट सगळं घर दारात जमून बघत होतं.

"फसवलंस मला," काका गुरगुरले.

गिरिजाने पदर सावरला.

"नाही काका. पण ज्याला तुम्ही भरल्या घरात 'माझा' म्हणालात, तो परत करायची माझी काय बिशाद?"