भवानीनल्लूरची मुकी घंटा

आल्याआल्या तुम्ही बॅगा मधल्या खोलीत ठेवायला निघालात आणि आमच्या सूनबाईनं दारात आडवं उभं राहून अडवलं, त्याचा राग मानू नका. बोलायला फटकळ आहे ती, पण बरोबर होती. ती खोली रिकामी का, ते सांगतो. पण आधी देवळापर्यंत चला, कारण गोष्ट तिथनं सुरू होते.

ही बघा घंटा. वाजवा, वाजवा, भिऊ नका. झालं समाधान? थप्प! ओल्या भिंतीवर गोवरी थापावी तसा आवाज. एवढी कमरेइतकी घंटा, दोन माणसांना हलत नाही, आणि आवाज हा असा. या बाजूनं हात फिरवा. लागतात की नाही भोकं? घावनाला जाळी पडते ना, तशी अर्धी घंटा जाळीदार आहे. येणारा प्रत्येक माणूस विचारतो, मानाजीराव, ही ओतून नवी का करत नाही? मी म्हणतो, बसा.

तुम्ही पुण्याची माणसं यादी घेऊन आलात. तामिळनाडूत जुनी श्रीमंती कुठंकुठं बघायला मिळते, त्याची. चेट्टियारांची घरं झाली, तंजावरचा राजवाडा झाला, आता आमची मराठ्यांची गल्ली. आठ घरं, सागाचे खांब, आरशासारखी गुळगुळीत जमीन. फोटो काढा, माझी ना नाही. पण श्रीमंती कुठं आहे ते यादीत लिहिणाऱ्याला ठाऊक नाही, एवढं सांगून ठेवतो.

दोनशे वर्षं झाली असतील. कोणी अडीचशेही म्हणतं. तेव्हा ही आठ घरं नुसती नावानंच अख्ख्या मुलखात ओळखली जायची. आमचे पूर्वज घोड्यावरनं आले, राहिले, मोठे झाले. आणि मोठं झाल्यावर माणूस जे करतो ते त्यांनीही केलं, म्हणजे घरात बसले. खाली, नदीच्या काठाला, वाडी होती. ओतारी, विणकर, नावाडी असली कष्टाची माणसं. नदी म्हणजे कावेरीचाच एक फाटा. एरवी गरीब गाईसारखी, पण आडी महिन्यात, म्हणजे तुमच्या आषाढ-श्रावणात, वर घाटात पाऊस झाला की इथं ऊन असताना पाणी चढायचं. वाडीला कळेपर्यंत ते चुलीत शिरलेलं असायचं. एका वर्षी म्हणे अकरा माणसं गेली.

तेव्हा गल्लीनं ठरवलं की देवीपुढं मोठी घंटा टांगायची. गल्ली उंचावर, इथनं वरचं वळण दिसतं. पाणी दिसलं की घंटा, घंटा झाली की वाडी रिकामी. चांगला विचार होता, त्यात खोट नव्हती.

काम दिलं वाडीतल्याच कुप्पन्न आसारीला. आसारी म्हणजे ओतकाम करणारा कारागीर. त्यानं ओतलेल्या घंटेचा आवाज, असं सांगतात, तोंडात गुळाचा खडा विरघळावा तसा सावकाश जायचा. त्यानं सांगितलं, तांबं द्या, कथील द्या, बाकी काही नको. झालं! गल्लीची माणसं बिथरली. आठ घरांची घंटा आणि त्यात सोनं नाही? लोक काय म्हणतील? गल्लीचे कारभारी होते रायाजीराव इंगळे. ते म्हणाले, "प्रत्येक घरची बाई आपल्या हातानं मुशीत दागिना सोडेल. त्याशिवाय घंटा होणार नाही." मूस म्हणजे धातू वितळवायचं मातीचं भांडं. कुप्पन्न बिचारा हात जोडून म्हणाला, सोन्यानं आवाज वाढत नाही, सरकार. कोण ऐकतो? शेवटी एवढंच म्हणाला, "मग भरीव द्या. पोकळ काही पडू देऊ नका." त्यावर रायाजीराव असे हसले म्हणे की छातीवरची साखळी हलली. आमच्या गल्लीत आणि पोकळ!

आता घाटग्यांच्या घरात काय चाललं होतं ते ऐका. हे घर आमच्या घराच्या समोरचं. तिथं दर्याबाई म्हणून सून होती, सुभानराव घाटग्यांची बायको. माहेराहून तिला सोन्याचे गोठ मिळाले होते. गोठ म्हणजे बोटाएवढं जाड कडं, दोन्ही हातांत एकेक. तीन पावसाळ्यांपूर्वी सुभानरावांनी ते उजळून आणतो म्हणून नेले आणि आणले ते दुसरेच. वरनं पातळ पत्रा सोन्याचा, आत लाख भरलेली. दिसायला तेच, पण एकमेकांवर आपटले की बद्द वाजायचे. सुभानरावांनी बायकोला बजावलं, "मनगटावर पदर गुंडाळत जा. आवाज बाहेर जाता कामा नये." तेव्हापासून दर्याबाई देवळात यायची ती मनगटं पदरात गुंडाळून. आणि गंमत बघा, गल्लीतल्या सगळ्याच बायका तशाच यायच्या. खालच्या वाडीला वाटायचं, केवढी ही खानदानी रीत! वाडीतल्या पोरीही लग्नात मनगटं झाकायला लागल्या होत्या म्हणे.

ओतायचा दिवस उजाडला. इथंच, या पिंपळाखाली, खड्ड्यात साचा पुरलेला. मुशीत धातू पिवळा लाल उकळतोय. एकेक बाई पुढं येई, झाकल्या मनगटानंच कुप्पन्नच्या हातात काहीतरी देई आणि तो ते अलगद सोडी. कोणी पुतळी दिली, कोणी अंगठी, कोणी नाकातली चमकी. सगळं बारकं होतं, पण भरीव. घाटग्यांची पाळी आली तसे रायाजीराव मोठ्यानं म्हणाले, "घाटग्यांचा मान मोठा, गोठ येऊ द्या!"

दर्याबाईनं नवऱ्याकडं बघितलं. सुभानरावांनी मान खाली घातली. नाही म्हणावं तर घराचं नाक कापलं जातंय, हो म्हणावं तर घंटा जातेय. मला त्या बाईची दया येते हो, अजून येते. तिनं उजव्या हातातला गोठ काढला आणि कुप्पन्नच्या तळहातावर ठेवला. त्याला वजन कळलं असणार. चाळीस वर्षं धातू हाताळलेला माणूस तो. त्यानं तिच्याकडं एकदा बघितलं. मग का सोडला, विचाराल. कोणी म्हणतं, शंका आली पण चारचौघांत बाईचा दागिना परत कसा करायचा, हे त्याला सुचलं नाही. त्यानं गोठ सोडला.

फाट्! लाख पेटली, मुशीतनं धातू उसळला आणि कुप्पन्नचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. तरी तो हलला नाही. साचा तापलेला, धातू थांबणार नाही, म्हणून त्याच हातानं ओतून मगच खाली बसला. तिसऱ्या दिवशी माती फोडली तर आत ही अशी जाळीदार घंटा. वाजवली, तर थप्प.

मग जी बोंबाबोंब झाली, विचारू नका. रायाजीराव कडाडले, आसारीनं सोनं काढून घेतलं आणि घंटेत राखमाती घातली! हत्यारं काढून घ्या, दुपारच्या आत बायकापोरांसकट गावाबाहेर घाला. कुप्पन्नला या पायरीवर उभं केलं. हाताला केळीचं पान बांधलेलं, ताप चढलेला. तो एवढंच म्हणाला, "मुशीत काहीतरी पोकळ पडलं. मला वास आला." कोणाचं, म्हणून विचारलं. दहादा विचारलं. त्याला ठाऊक होतं हो! नाव घेतलं असतं तर सुटला असता. पण बाईमाणसाची अब्रू म्हणून त्यानं तोंड उघडलं नाही. त्याची बायको पायरीखाली भांडी बांधत होती, एक फुटकी घागर घ्यावी की टाकावी तिला कळत नव्हतं.

दर्याबाई बायकांत उभी होती. ती घागर तिनं बघितली आणि, असं सांगतात, तिचा धीर सुटला की धीर आला, ते देवीला ठाऊक. ती सरळ चालत पुढं आली. डाव्या मनगटावरचा पदर सोडला, उरलेला गोठ काढला आणि या पायरीवर आपटला.

पत्रा फाटला. आतनं लाल लाखेचा भुगा सांडला.

"रायाजीकाका," ती म्हणाली, "या आसारींनी चोरी नाही केली. चोरी माझ्या हातात होती. यांना घालवायचं तर आधी मला घालवा."

रायाजीराव काही बोलणार, तोच मागनं त्यांचीच बायको आली, सोनकाबाई, सत्तरीची. तिनं सावकाश पदर सोडला, आपली पाटली काढली आणि त्याच पायरीवर आपटली. पुन्हा लाल भुगा! मग मोहित्यांची आली. मग आमच्या जगतापांची, माझ्या खापरपणजोबाची आई. एकामागनं एक. आठ घरं आणि आठांतल्या सात घरांच्या पाटल्या, गोठ, तोडे, सगळी लाख. आठव्या घरची बाई मनगटंच दाखवेना, तेव्हा काय ते सगळ्यांना कळलं. एकमेकींपासनं लपवायला सगळ्या मनगटं झाकत होत्या आणि सगळ्यांना वाटत होतं, आपलंच तेवढं घर पोकळ. अरे देवा! वाडीतली माणसं तोंडात बोटं घालून बघत राहिली. हसलं मात्र कोणी नाही. या पायरीच्या फटीत अजून लालसर दिसतं, बघा. आता ती लाख आहे की कुंकू, शपथ घालू नका.

कुप्पन्नची हत्यारं रायाजीरावांनी स्वतः उचलून दिली. पण तोवर आडी लागला होता. दुसरी घंटा ओतायला वेळ नव्हता आणि ओतणारा हातही नव्हता. अठराव्या दिवशी भरदुपारी वरच्या वळणावर पाणी दिसलं. घंटा बडवली. थप्प, थप्प. पिंपळाच्या पलीकडं ऐकू जाईना.

गल्लीतली बाई तोवर मेण्याशिवाय देवळाच्या पलीकडं जात नसे. दर्याबाईनं पदर खोचला. "घंटा मी मुकी केली," म्हणाली, "तिचं काम मीच करते." अनवाणी पळत खाली गेली. घरोघरी दार ठोठावून ओरडली, पाणी आलंय, वर चला. तिच्यामागं सोनकाबाई सोडून सगळ्या गेल्या. सोनकाबाई गुडघ्यांनी अधू, ती वर राहून आठही घरांची दारं उघडत सुटली.

वाडी वर आली. शे-दीडशे माणसं, शेळ्या, माग, पाळणे. आजवर या दारांच्या आत वाडीतलं कोणी आलेलं नव्हतं. आत पाऊल टाकलं आणि बघतात तर काय, दिवाणखाना सोडला तर खोल्या रिकाम्या. पलंग नाहीत, पेट्या नाहीत, हंडे नाहीत. सगळं कधीच गेलेलं. नुसता पुढचा दरवाजा श्रीमंत! घरं रिकामी होती, म्हणूनच सगळी माणसं मावली. त्या पुरात वाडीतलं एकही माणूस गेलं नाही.

घाटग्यांच्या मधल्या खोलीत कुप्पन्न भिंतीला टेकून बसला होता. दर्याबाईनं त्याला कांजी आणून दिली, चमचाही तिनंच धरला, कारण त्याचा हात चालत नव्हता. तो म्हणाला, "अम्मा, मुलाला शिकवतो. पुढच्या वर्षी चांगली घंटा करून देईल."

ती म्हणाली, "नको आसारी. घंटा बोलायला लागली की आम्ही परत घरात बसू."

म्हणून ही तशीच आहे. पुढं गल्लीला पुन्हा दिवस आले. भातगिरण्या झाल्या, पोरं सिंगापूरला गेली, खोल्या भरल्या. ज्यांचे फोटो काढायचे ते खांबही नंतरचेच. पण प्रत्येक घरात मधली खोली भरायची नाही, असा आठ घरांनी देवीपुढं शब्द दिला. त्या खोलीत पलंग नाही, कपाट नाही, सणाचं सामानसुद्धा नाही. आमच्या धाकट्यानं एकदा फ्रीज ठेवला होता तिथं, सूनबाईनं दोन दिवस त्याला जेवायला वाढलं नाही.

आजही आडीच्या अठराव्याला गल्लीतल्या सुना अनवाणी खाली जातात, दारं वाजवतात, वाडी वर येते आणि सगळे त्या खोल्यांत बसून चित्रान्न खातात. वर धरण झालंय, सरकारचा भोंगा आहे, मोबाइलवर निरोप येतो. तरी जातात. सहा वर्षांपूर्वी वीज गेली, भोंगा वाजलाच नाही आणि पाणी आलं. तेव्हा सूनबाई पोटुशी होती, सातवा महिना. मी नको नको म्हणत राहिलो, ती गेली. एकशेबारा माणसं होती आमच्या आठ घरांत त्या दिवशी.

तर तुमच्या यादीत लिहा, जुनी श्रीमंती बघायची तर ती खोली बघा. आता चला, ऊन चढलं, जेवण झालं असेल. तुमची झोपायची सोय माडीवर केलीय. बॅगा मात्र व्हरांड्यातच राहू द्या.