ऐकोबाची दवंडी

फार वर्षांपूर्वी, जेव्हा साखरवेढ्याला चारी बाजूंनी तट होता आणि तटाबाहेर नुसती बाभळ होती, तेव्हाची ही गोष्ट. आता त्या बाभळींच्या जागी बसस्थानक आहे, दोन मंगल कार्यालयं आहेत आणि चार-चार मजल्यांच्या इमारती आहेत. पण पूर्वेची वेस अजून उभी आहे, पश्चिमेची अर्धी का होईना उभी आहे आणि मधली हत्तीबारवही आहे. एवढ्या मोठ्या विहिरीला पायऱ्या इतक्या रुंद, की हत्तीने खाली उतरून पाणी प्यावं. हत्ती कुणी पाहिला नाही, पण पायऱ्या आहेत.

त्या काळी गावात सटवा नावाचा दवंडीवाला होता. पूर्वेच्या वेशीवर चढायचा, हलगीवर टिपरू मारायचा आणि ओरडायचा. म्हणायचा, "ऐका हो ऐका." मग जे काय सांगायचं ते सांगायचा. आणि जिथे म्हणून त्याचा आवाज पोचेल, तिथले लोक हातातलं काम न सोडता म्हणायचे, "ऐकलं." हा रिवाज होता. दवंडीला ऐकलं म्हणायचं नाही म्हणजे दारी आलेल्याला पाणी न विचारण्यासारखं.

आणखी दोन रिवाज होते, ते आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे सगळी गोष्ट त्यांच्यावरच फिरते. एक, दवंडी खोटी असायची नाही. ज्याने गावाकडून खोटी दवंडी पिटवली, त्याची पगडी चावडीवर उतरायची, मग तो कितीही मोठा असो. दुसरा, गावाची हद्द कुठे असं कुणी विचारलं तर कुणी दगड दाखवायचं नाही. म्हणायचे, दवंडी पोचते तिथवर गाव. आणि हत्तीबारवेचं पाणी गावाचं.

सटवा तसा साधा माणूस, पण त्याला एक खोड होती. त्याला कोडं पडायचं. एकदा त्याने बायकोला, कोंडाईला विचारलं, की माझा आवाज जातो तो संपतो कुठे? आपण ओरडतो इथे, आणि संपतो तो तिकडे. ओरडणारा तिथे जाऊन बघणार कसा? गावातल्या शहाण्यांना हे विचारलं असतं तर त्यांनी त्याला वेड्यात काढलं असतं. कोंडाईने काढलं नाही. ती म्हणाली, तुम्ही ओरडा, मी चालत जाते.

तेव्हापासून दर वर्षी दसऱ्याच्या दवंडीला कोंडाई ओटीत कडुनिंबाच्या बिया घेऊन वेशीबाहेर पडायची. चालत चालत जायची. जिथे नवऱ्याचा आवाज शेवटचा ऐकू येई, तिथे बी पुरायची आणि "ऐकलं" म्हणून परत फिरायची. पहिल्या वर्षी ती ओढ्यापलीकडच्या माळापर्यंत गेली. येताना पाय दुखत होते, पण तोंडावर हसू मावत नव्हतं. सटवाने त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या, असं म्हणतात.

पण माणूस काही कायम पंचविशीचा राहत नाही. पुढच्या पुढच्या वर्षी कोंडाईचं चालणं कमी होत गेलं. निंबाची रांग माळावरून ओढ्याकडे आली, ओढ्याकडून चुन्याच्या भट्टीकडे आली, भट्टीकडून वेशीकडे. लोकांना वाटायचं, वा, कोंडाईने रस्त्याला सावली केली. फक्त त्या दोघांना ठाऊक होतं, की ही सावली नाही, हा सटवाचा घसा आहे. दोघांनी हे कुणाला सांगितलं नाही. दवंडीवाल्याचा आवाज गेला असं सांगायला दवंडी कोण पिटणार?

अशात दक्षिणेकडून विणकर आले. त्यांच्या मुलखात सलग तीन वर्षं पाऊस नव्हता. डोक्यावर मागाच्या फण्या, पाठीवर पोरं, आणि बोलणं तेलुगू. ओढ्यापलीकडच्या माळावर त्यांनी खोपटी घातली, माग उभे केले आणि पहिल्या निंबाच्या सावलीत सूत वाळत टाकलं. त्यांचं लुगडं बाजारात आलं तेव्हा बायका एकमेकींच्या अंगावर पडल्या. सूतही विकलं जाऊ लागलं, गाव वाढू लागलं, तोवर सगळं गोड होतं.

मग एका उन्हाळ्यात बारवेचं पाणी सात पायऱ्या खाली गेलं. विणकरांना तर पाणी जास्तच लागायचं. सुताला खळ द्यायची, रंग उकळायचा. बारवेवर घागरी घागरींना लागू लागल्या. गावाचे धनी होते भुजंगराव मोकाशी. ते काही दुष्ट नव्हते. पण घरात पाहुणे आणि माठात तळ दिसत असला, की भल्या माणसाचाही स्वभाव आखडतो. मोकाशी म्हणाले, पाणी गावाचं आहे, आणि हे लोक गावाबाहेरचे. विणकरांनी हात जोडून सांगितलं, की आम्ही आलो तेव्हा म्हाताऱ्या गुराख्यांनी सांगितलं होतं, दवंडी या माळापर्यंत पोचते. मोकाशी म्हणाले, ठीक आहे. येत्या बाजाराच्या दिवशी बघू. सटवा वेशीवरून ओरडेल, मी स्वतः माळावर उभा राहीन. मला ऐकू आलं तर पाणी तुमचं. नाही आलं तर अमावस्येच्या आत माळ मोकळा करायचा.

साठ घरं, लेकराबाळांसकट, सटवाच्या घशावर येऊन बसली होती. तो ज्येष्ठमध चघळू लागला, मिठाच्या पाण्याने गुळण्या करू लागला. कोंडाई त्याला मधात हळद चाटवायची. गेल्या दसऱ्याचं बी तिने स्वतःच्या हातांनी वेशीपासून चाळीस पावलांवर पुरलं होतं.

बाजाराला दोन दिवस असताना विणकरांतली नरसम्मा त्याच्या दारी आली. साठीची बाई, जिथे जाईल तिथे प्रश्न विचारणारी. सटवासारखीच म्हणा ना. तिने आपल्या तोडक्यामोडक्या मराठीत विचारलं, "दादा, तू शेवटी काय म्हणते? ऐका ऐका ते जुने लोक सांगतात. शेवटचं कुणाला माहीत नाही. वारा खातो."

सटवा म्हणाला, ते काही नाही, ते दवंडीचं शेपूट आहे, माझा बाप म्हणायचा म्हणून मी म्हणतो. ती म्हणाली, तरी सांग. तेव्हा त्याने सांगितलं, "ऐकणाऱ्यानं न ऐकणाऱ्याला सांगावं हो."

सांगितलं आणि तो तसाच थांबला. चाळीस वर्षं हे वाक्य त्याच्या तोंडातून जात होतं. गाव लहान होतं, सगळ्यांना थेट ऐकू यायचं, त्यामुळे कुणी कुणाला सांगायची वेळ येत नव्हती. आणि बोलणाऱ्याने स्वतः ते कधी ऐकलंच नव्हतं. कोंडाई चुलीपाशी होती. तिने मागे वळून नवऱ्याकडे बघितलं, आणि तिलाही कळलं.

बाजाराचा दिवस उजाडला. भर दुपार, वारा समोरून. मोकाशी घोड्यावर बसून वेशीखाली आले. आधीच ठरवून कुणी लबाडी करू नये म्हणून दवंडीत काय सांगायचं ते त्यांनी त्याच वेळी सटवाच्या कानात सांगितलं. काय सांगावं म्हणून जरा विचार केला आणि सुचलं ते बोलून टाकलं, की मोकाशांची तांबडी गाय हरवली आहे, उजवं शिंग मोडकं, कपाळावर चांदणी. मोकाशांच्या गोठ्यात अशी गाय नव्हती. त्यांच्या सगळ्या गायी पांढऱ्या. पण मनात आलं आणि बोलून गेले. मग घोडा माळाकडे दौडवला.

सटवा वेशीवर चढला. हलगी वाजली. तो ओरडला, आणि आवाज फुटला. फाटक्या धोतरासारखा टर्रकन फाटला. बाजारातल्या लोकांनी माना खाली घातल्या. पण त्याने गाय सांगितली, आणि शेवटचं शेपूट, जे तो नेहमी गिळून टाकायचा, ते अंगात होता नव्हता तो जोर लावून दोनदा सांगितलं. ऐकणाऱ्यानं न ऐकणाऱ्याला सांगावं हो. तेवढं झालं आणि त्याचा घसा कायमचा बसला.

कोंडाई चाळीस पावलांवरच्या निंबाच्या रोपापाशी उभी होती. त्या दिवशी तिने बी पुरलं नाही. "ऐकलं," ती म्हणाली, आणि पाठ फिरवून भट्टीवरच्या चुनेवाल्याला सगळं सांगितलं. चुनेवाला म्हणाला ऐकलं, आणि त्याने ओढ्यात उरलेल्या डबक्यावर धुणं धुणाऱ्या बायकांना सांगितलं. बायकांनी तर काय, एकीने सांगितलं आणि सातजणींनी पुढे नेलं. माळावर मोकाशी कानामागे हात धरून उभे होते, त्यांना वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं. तेवढ्यात माळावरच्या पहिल्या निंबाखालून नरसम्मा म्हणाली, "विन्नाम."

विन्नाम म्हणजे त्यांच्या भाषेत आम्ही ऐकलं. मग तिने तांबडी गाय, मोडकं शिंग, चांदणी, सगळं जसंच्या तसं सांगितलं, आणि तिच्या मागच्या साठ घरांतून एकेक करून आलं, विन्नाम, विन्नाम.

मोकाशी घोडा फिरवून वेशीपाशी आले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. म्हणाले, "सटवा, मला तुझा आवाज ऐकू आला नाही. बायकांची कुजबुज ऐकू आली."

सटवाला बोलता येत नव्हतं. कोंडाईने त्याच्या तोंडाशी कान नेला आणि मोठ्याने सांगितलं, "धनी, ते म्हणत्यात, दवंडी म्हंजी माजा घसा न्हाई. ऐकलेलं म्होरं सांगितलं, तीच दवंडी. आजवर आमी निस्तं अर्दीच पिटत हुतो."

मोकाशी काही बोलणार, तोच पश्चिमेच्या वेशीकडून गलका झाला. झालं होतं असं, की विणकरांनी ऐकलं तसं धनगरांना सांगितलं, धनगरांनी आटलेल्या नदीकाठी रिकाम्या बसलेल्या नावाड्यांना, नावाड्यांनी पलीकडच्या वाड्यांना, आणि सांगणं काही थांबेना. सगळ्या गावाला वळसा घालून, दहा तोंडांतून, तीन बोलींतून, ती दवंडी पश्चिमेच्या वेशीतून परत आली. आणि तिच्या पुढे एक गाय चालत होती. तांबडी. उजवं शिंग मोडकं. कपाळावर चांदणी. असं म्हणतात, की तिच्या गळ्यात दावं नव्हतं आणि तिला कुणी हाकत नव्हतं.

सगळा बाजार मोकाशांकडे बघू लागला. आता बघा हं, माणूस कसा सापडला. गाय माझी नाही म्हणावं, तर गावापुढे खोटी दवंडी पिटवली म्हणून पगडी उतरणार. माझी म्हणावं, तर जी दवंडी गाय शोधून घेऊन आली ती दवंडी पोचलीच नाही असं कुठल्या तोंडाने म्हणणार? मोकाशी घोड्यावरून उतरले. गायीच्या पाठीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग म्हणाले, "गाय माझीच आहे. आणि माळ गावात आहे."

गाय बारवेच्या पायऱ्या उतरून पाणी प्यायली. तिच्यामागून नरसम्माने पहिली घागर भरली. पुढच्या आठवड्यात गावकऱ्यांनी आणि विणकरांनी मिळून बारवेतला गाळ काढला, तेव्हा तळाशी झरा फुटला. कुणी म्हणतं गाळ काढला म्हणून फुटला, कुणी म्हणतं गाय प्यायली म्हणून. मला विचाराल तर गाळ काढलेला बरा.

सटवा त्यानंतर सहा वर्षं जगला, एक शब्द न बोलता. तो गेला त्या सकाळपर्यंत गावाने नवा दवंडीवाला नेमलाच नव्हता. कोंडाईने दारात उभं राहून शेजारणीला एवढंच सांगितलं, "आमचं माणूस गेलं." ते वाक्य पूर्वेच्या वेशीतून बाहेर पडलं, आणि तिरडी उचलायच्या आत पश्चिमेच्या वेशीतून परत आलं. तोवर सगळं साखरवेढं दारात उभं होतं. त्या दिवसापासून सटवाचा ऐकोबा झाला.

आज पूर्वेच्या वेशीच्या कोनाड्यात ऐकोबाचा दगड आहे. त्याला तोंड नाही, डोळे नाहीत, नुसता एक कान कोरला आहे. परीक्षेला निघालेल्या मुली त्या कानात काहीतरी पुटपुटून जातात. ओढ्यापलीकडच्या माळाला विन्नामपेठ म्हणतात. शिकलेले लोक सांगतात, विणकरांची पेठ म्हणून विणाम, मग विन्नाम. सांगू द्या. गावात कुणी नवं घर बांधलं, तर वास्तुशांतीला आधी अलीकडच्या घरातलं माणूस दारात येऊन विचारतं, "ऐकलं का?" आणि आतून उत्तर आल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडत नाही. मग ते घर फ्लॅट का असेना.

आणि दर दसऱ्याला सकाळी आठ वाजता वेशीवरून दवंडी निघते. तीच, तांबडी गाय हरवल्याची. फोन वापरायचा नाही, भोंगा लावायचा नाही. घराने घराला सांगायचं. पूर्वी ती विडा रंगेपर्यंत परत यायची म्हणे. आता शहर वाढलं. नव्या वसाहती झाल्या, वळणरस्ता झाला, साखर कारखान्याकडे बंगले झाले. आणि रिवाज असा, की पश्चिमेच्या वेशीतून दवंडी परत आल्याशिवाय कुणी ताटावर बसायचं नाही.

गेल्या दसऱ्याला अकरा वाजले, बारा वाजले, दवंडी येईना. घराघरांत श्रीखंड वाटीत, पुऱ्या झाकणाखाली, आणि पोरं भुकेने रडकुंडीला आलेली. कुणी म्हणालं, एकदा फोन करून बघा ना कुठे अडकलीय. मोकाशांच्या घरातली म्हातारी पडवीत बसली होती, मधुमेहाची, सकाळपासून नुसत्या चहावर. ती म्हणाली, "अजून कुणाला तरी ऐकायचंय. बसा गप."

शेवटी सव्वातीनला दवंडी आली. अडकली होती ती वळणरस्त्यापलीकडे, नव्या बांधकामावरच्या पत्र्याच्या खोल्यांपाशी. तिथले मजूर कुठल्या लांबच्या मुलखातले, त्यांना मराठी येत नव्हतं. शेवटच्या बंगल्यातल्या बाई दोन तास त्यांना हातवारे करून गाय, शिंग आणि चांदणी समजावत उन्हात उभ्या होत्या. मग एका मजूर बाईला कळलं, ती हसली आणि आपल्या भाषेत काहीतरी म्हणाली. तो शब्द कुणाला नीट धरता आला नाही, पण तो तसाच तोंडातोंडी वेशीपर्यंत आला, आणि मगच साखरवेढं जेवायला बसलं.

नगरपालिकेची पाण्याची वाहिनी दिवाळीनंतर त्या पत्र्याच्या खोल्यांपर्यंत गेली. आता त्या वस्तीला काय नाव पडतं ते बघायचं.