तांबटआळीचा मुका ठसा

एका राज्यात तांबटांची एक आळी होती. सूर्य उगवला की तिथं हातोड्यांचे ठोके सुरू होत, ते दिवेलागणीपर्यंत थांबत नसत. आळीत सर्वांत जुनं घर बयाजी तांबटाचं. त्याच्या प्रत्येक भांड्याच्या गळ्यावर कमळकळीचा ठसा असे. सासरी निघालेल्या लेकी हट्ट धरीत, हंडा द्याल तर कळीचाच द्या. पुढं बयाजी गेला, त्याचा लेकही गेला, आणि हातोडी नातीच्या हाती आली. तिचं नाव सगुणा. हात अगदी आजाचा. ठोक्याला ठोका लागून असा पडे, की तांब्याला आपण घडतोय हे कळूही नये.

त्या राज्यात दुर्धर नावाचा मांत्रिक आला. तो चिखलावर फुंकर घाली आणि एका फुंकरीत शंभर हंडे उभे राहत, लखलखीत आणि हलके. एवढ्यावर तो थांबला नाही. त्यानं आळीला शाप दिला, की तांबटांचे ठसे मुके होवोत. तेव्हापासून लोक ठसा पाहत, पण घर कुणाला आठवेना. वीस वर्षं कळीच्या हंड्यातलं पाणी प्यालेली माणसं सगुणाच्या दारावरून सरळ पुढं जात आणि दुर्धराच्या दुकानात शिरत. एकेक भट्टी विझत गेली. त्यातच दवंडी आली. येत्या पौर्णिमेला महाराज राज्याचा एक ठसा निवडतील, त्याच ठशाची भांडी राज्यात घडतील, बाकीच्यांनी हातोड्या खाली ठेवाव्यात.

सगुणा थंड भट्टीपाशी बसली होती. परसातल्या उंबरावर तांबट पक्षी बसला होता, हिरव्या अंगाचा, तांबड्या कपाळाचा. तो बोलला.

"सगुणे, शाप लागला, कारण त्याला जागा रिकामी मिळाली. आजा गेला आणि तुम्ही भांड्याची गोष्ट सांगायचं सोडलंत. गिऱ्हाइकाला वजन सांगितलंत, जाडी सांगितलीत. टाकून दिलेल्या गोष्टी दुर्धरानं वेचल्या आणि पेटीत कोंडल्या. तुमच्या घरची तीन भांडी अजून बोलतात. एक नदीवर, एक रानात, एक गडावर. त्यांच्या धन्यांकडून गोष्ट ऐक आणि दरबारात सांग. पदरचं घालू नकोस, त्यातलं गाळू नकोस."

सगुणानं फक्त वाट विचारली, कळी कोरलेली हातोडी कमरेला खोवली आणि ती निघाली.

नदीवर नागोजी नावाड्याच्या नावेला कळीचा हंडा टांगलेला होता. नागोजी अनोळखी बाईला नावेत घेईना. तेव्हा हंडाच म्हणाला, बाई आपल्या घरची आहे. मग नागोजीनं सांगितलं, की एका महापुरात नाव फुटली, तेव्हा हा हंडा पालथा छातीशी बांधून त्यानं अकरा माणसं एकेक करून पैलतीरी नेली. हंड्याच्या काठाला खडकाचा पोचा होता. तो त्यानं कधी काढून घेतला नव्हता.

रानात भिमाई सुईणीच्या दारात वाघीण बसली होती. तिचे बछडेही भिमाईच्याच गंगाळात न्हाले होते, म्हणून ती राखण करी. सगुणाच्या हातोडीवरची कळी हुंगून ती बाजूला झाली. त्या गंगाळात सात गावच्या लेकरांची पहिली आंघोळ झाली होती. भिमाईनं एकेकाचं नाव सांगितलं, कोण रडलं, कोण हसलं, तेही सांगितलं. सगुणा बसून सगळं ऐकत राहिली. आपल्या घरचं तांबं एवढ्या जिवांना शिवलं असेल, हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

गडावर मात्र कोंडाबाईनं तिला आत ये म्हटलं नाही. अंगणात एक घागर आडवी पडली होती, सांध्याला चिरलेली.

"तुझ्याच घरची आहे," कोंडाबाई म्हणाली. "गडाचं टाकं आटलं त्या साली पायथ्याहून पाणी आणत होते. शेवटच्या पायरीवर सांधा सुटला. घरात सासूबाई आजारी. त्या घोटावाचून गेल्या."

सगुणाची मान खाली गेली.

"तुझ्या आजाच्या कानावर गेलं. चालत आला. सबब सांगितली नाही. चाळीस दिवस, पाऊस येईतो, गडावर पाणी वाहिलं, मग नवी घागर घडवून दिली. ती अजून वापरते. ही ठेवलीय, विसरू नये म्हणून. सांगशील ही गोष्ट?"

सगुणानं चिरलेल्या सांध्यावर हात ठेवला. घागर म्हणाली, "सांग."

परतताना नगराच्या वेशीत दुर्धर उभा होता, पुढ्यात लोखंडी पेटी. त्यानं पेटीतून एक गोष्ट काढली, ती सोन्यासारखी झळाळत होती. तो म्हणाला, की फुटक्या घागरीची कथा ऐकून दरबार हसेल. त्यापेक्षा ही घे. इंद्रानं तुझ्या आजाला हातोडी दिली, असं सांग, मग ठसा तुझा आणि निम्मा व्यापार माझा.

सगुणाला क्षणभर मोह झाला, नाही असं नाही. मग ती म्हणाली, "माझ्या आजाला हातोडी त्याच्या बापानं दिली."

पौर्णिमेला सकाळी दरबार भरला. सोन्याची गोष्ट दुर्धरानं स्वतःच्या नावावर सांगितली. दरबारानं वाहवा केली. महाराजांनी विचारलं, तुझा हंडा कोणाच्या घरी किती वर्षं आहे? दुर्धराला एक नाव सांगता येईना.

सगुणा उभी राहिली. तिनं नागोजीचं सांगितलं, भिमाईचं सांगितलं. तिसऱ्या गोष्टीतलाही तिनं एक शब्द गाळला नाही. "सांधा आमच्या घरी जोडला होता," ती म्हणाली. "चूक आमची होती, आणि ती निस्तरायला आमचंच माणूस गेलं."

तेवढ्यात राज्यातला ठसान् ठसा बोलला. चुलीपाशी, विहिरीवर, खुद्द महालाच्या न्हाणीघरात भांड्यांनी आपापलं घर सांगितलं. दुर्धराच्या हंड्यांचा चिखल झाला. पेटीचं झाकण उघडलं, कोंडलेल्या गोष्टी पाखरं होऊन आळीकडं उडाल्या आणि ज्याच्या त्याच्या दारात उतरल्या. दुर्धराला महाराजांनी सीमेपार घालवलं.

"राज्याचा ठसा तुझा," महाराज म्हणाले.

"महाराज, आळीत बावीस घरं आहेत," सगुणा म्हणाली. "बावीस ठसे राहू द्या. ज्यानं त्यानं आपलं खरं सांगावं, लोक निवडतील."

महाराजांनी मान्य केलं. बावीस भट्ट्या पेटल्या.

पुढं एके दिवशी कोंडाबाई गड उतरून आळीत आली. नातीच्या लग्नाला घागर हवी होती. सगुणानं ती तिच्यासमोर घडवली. कोंडाबाईनं घागर काठोकाठ भरली, उन्हात धरली, सांध्यावरून बोट फिरवलं. बोट कोरडंच निघालं.

"आता ठसा मार," ती म्हणाली.

सगुणानं मान ताठ ठेवून कळी उमटवली.

आळीला आपलं नाव परत मिळालं, तसं ऐकणाऱ्याच्या हाताला आणि घराला नाव मिळो.