सात वैद्य आणि एक उचकी

सरकारांनी नावाड्याच्या येसूला संस्थानच्या खर्चाने वैद्यकी शिकवली. अट एकच, तीही सरकारांच्याच शिक्क्याची: ‘जिथे वैद्य नाही, तिथे पाच वर्षं सेवा.’

शिकून आलेली येसू मुजऱ्याला गेली, तर सरकारांना उचकी लागलेली आणि सात राजवैद्य नुसते हात चोळत उभे. येसूने सरकारांच्या जिभेवर चिमूटभर साखर ठेवली. उचकी थांबली!

“आता तू वाड्यातच राहायचं,” सरकार खुशीत म्हणाले.

नदीपलीकडे, येसूच्या आडघर गावात वैद्य नव्हता आणि तीन जणींचे दिवस भरत आले होते.

“आज्ञा शिरसावंद्य,” ती म्हणाली. “फक्त सरकारांचा करार मोडायला नको. ‘वाड्यात वैद्य नाही’ एवढं या सातांनी लिहून द्यावं.”

साती पगड्या खाली झुकल्या. लेखणीला कुणी हात लावेना. सरकार इतके हसले, इतके हसले, की पुन्हा उचकी लागली.

“अगं, आता ही कोण थांबवणार?”

येसू तोवर उंबऱ्याशी पोचली होती. “ही असू द्या, सरकार. आडघरच्या लेकी तुमची आठवण काढतायत.”