राजधानीची पाच पक्वान्नं

“सूर्य मावळायच्या आत माझ्या राजधानीतली पाच पक्वान्नं खाऊन दाखव! दमडी खर्चायची नाही, कुणाकडे मागायचं नाही, चोरायचं तर नाहीच. नाही जमलं, तर वर्षभर माझ्या मुदपाकखान्यात जातं ओढशील!”

हेमनगरचा राजा महिपाळ हत्तीवरून ओरडला, आणि कोणावर? तर माझ्यावर!

आज मला लोक सोनबाशेट म्हणतात, गादीवर बसवून पान देतात. तेव्हा मी नुसता सोन्या होतो. मिशी फुटायची होती. जीभ मात्र पुरती फुटलेली. राजधानी बघायचीच म्हणून गावाहून चालत निघालो होतो. कनवटीला काही नाही, काखेत भाकरीचं गाठोडं. वेशीवर पहारेकऱ्याने विचारलं, “खर्चाला काय आणलंस?”

मी छाती काढून म्हणालो, “खर्च कशाला? दमडी न मोडता तुमची अख्खी राजधानी पाहून जाईन!”

“आणि खाशील काय?”

“फुकट मिळाली तर पंचपक्वान्नंसुद्धा खाईन!”

मागे राजाची स्वारी येऊन उभी होती. साऱ्या वेशीला ती दिसत होती, फक्त मला सोडून!

राजा असा हट्टी, की एकदा तोंडातून शब्द गेला म्हणजे गेला. माझं गाठोडं तिथेच जप्त झालं. ते मुदपाकखान्यातलं जातंही मी जाता जाता पाहून घेतलं. त्याला बैल जुंपतात!

मग काय, हिंडलो. म्हटलं, जातं नशिबी आहेच, निदान राजधानी तरी बघून घेऊ. मिठाईवाल्यापुढे भुकेलं तोंड करून उभा राहिलो. मागत नव्हतो, नुसता दिसत होतो. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि परातीवर फडकं टाकलं. असा दुपारपर्यंत फिरून राजवाड्यासमोरच्या पाणपोईवर येऊन कोसळलो.

पाणी वाढणारी पोरगी माझ्याच वयाची. नाव ठकू. तिने ओंजळीत पाण्याची धार धरली.

“बाई, याच्याबरोबर गुळाचा खडा वगैरे...”

“मागायचं नाही ना, पाव्हणं?” ती हसली. “तुमची गोष्ट तुमच्या आधी पोचलीय इथं. आणि गूळ राजाच्या घरी असतो. आमच्याकडे नुसतं पाणी. सांगा, सकाळपासून काय काय झालं?”

मी रडगाणं लावलं. आधी तटावर चढलो, तिथे गार वाऱ्यात बसलो. सराफकट्ट्यावर गर्दीने मला या टोकापासून त्या टोकापर्यंत ढकलत नेलं. नगारखान्याकडे मान वर करून बघत चालताना पायरीला अंगठा फुटला. तोल गेला तो थेट एका बाईने वाळत घातलेल्या कुरडयांवर बसलो! तिने माझ्या सात पिढ्या उद्धरल्या. धोतराला चिकटलेल्या कुरडया मी झटकून परत दिल्या, कारण चोरी नको!

ठकू तांब्या खाली ठेवून पोट धरून हसली. “अहो, चार तर पानात पडलीत की! चला दरबारात. मी सांगेन, तुम्ही फक्त बोलत राहायचं. कितीही दटावलं तरी थांबायचं नाही.”

मला वाटलं, हिने माझं वक्तृत्व ओळखलं!

दरबारात राजा मिशीवर पीळ देत म्हणाला, “काय रे फुकट्या, खाल्लीस का पाच पक्वान्नं?”

ठकू पुढे झाली. “पहिलं पक्वान्न तटावर, महाराज. हवा खाल्ली!”

“ही काय थट्टा आहे?”

“तुम्ही रोज संध्याकाळी हवा खायला जाता, तेव्हा थट्टेला जाता होय, महाराज?”

प्रधानाने खोकला काढला.

“दुसरं, सराफकट्ट्यावरचे धक्के खाल्ले, तेही पोटभर. तिसरी नगारखान्याची ठेच.”

“ठेचा? मिरचीचा?”

“छे, ठेच! दगडाची!” तिने माझा सुजलेला अंगठा दाखवला. “चौथं, कुरडईवाल्या काकूंची बोलणी खाल्ली. ती तर अजून पचली नाहीत!”

“चारच झाली!” राजाने मांडीवर थाप मारली. “पाचवं कुठाय?”

ठकूने मला कोपर मारलं, आणि मी सुरू झालो.

“महाराज, पाचव्याचं असं आहे, की आमच्या गावी एकदा पंगत बसली होती. म्हणजे बसायची होती, पण पत्रावळीच आल्या नव्हत्या. पत्रावळी आणायला गेला माझा मामा. मामा म्हणजे सख्खा नव्हे...”

“मुद्द्यावर ये!”

“येतोच आहे. तर त्या मामाची म्हैस...”

“पुरे!”

“म्हशीचं एक शिंग जरा...”

“अरे पुरे!” राजा सिंहासनावरून उठलाच. “माझं डोकं खाऊ नकोस!”

“पाचवं!” ठकू टाळी वाजवून ओरडली. “सगळ्या दरबाराने ऐकलं! खुद्द महाराजांचं डोकं! एवढं उंची पक्वान्न साऱ्या राजधानीत दुसरं मिळेल का? आणि त्याने मागितलं नाही, चोरलं नाही, दमडीही मोडली नाही!”

राजा असा हसला, की मुकुट सावरायला प्रधान धावला.

“पोरी, काय हवं ते माग!”

“पाणपोईवर येणाऱ्या वाटसरूला पाण्याबरोबर गुळाचा खडा, महाराज. तुमच्या घरचा.”

“दिला! कायमचा दिला! आणि पाणपोईला दगडी छप्परही दिलं! या बडबड्याचं गाठोडं आणा रे!”

माहूत मान खाली घालून आला. “सरकार, भाकऱ्या हत्तीने खाल्ल्या.”

“मग हत्ती याचं देणं लागतो,” राजा पुन्हा हसत सुटला. “आधी याला पोटभर जेवू घाला, मग हत्तीवरून वेशीपर्यंत मिरवत पोचवा!”

अशी मी उरलेली राजधानी अंबारीतून पाहिली, फुकट! माणसं माना वर करून बघत होती. त्यांत त्या कुरडईवाल्या काकूही होत्या. ठकू पाण्याची कळशी घेऊन हत्तीबरोबर चालत होती. वेशीपाशी मी शिडीची वाट न बघता ऐटीत उतरायला गेलो, आणि पहारेकऱ्याच्या पायाशी तोंडावर आपटलो.

ठकू वाकून म्हणाली, “पाव्हणं, सहावं पक्वान्न! माती खाल्लीत! थोडी घरच्यांसाठी बांधून देऊ का?”